दात दुखत नसताना तपासणी: का करायची आणि कशी करायची

आमच्या बाबांचा आयुष्यात एकही दात दुखला नाही, आणि याचा त्यांना मोठा अभिमान होता. आईच्या दोन दाढांचं रूट कॅनाल झालं, माझी अक्कलदाढ काढावी लागली. बाबा मात्र "मले काय झालं? दुखत नाही तं कायले जायचं दवाखान्यात?" असं म्हणत दातांनी ऊस सोलत राहिले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका रविवारी सकाळी तर्री पोहे खाताना चण्याबरोबर काहीतरी कडक त्यांच्या तोंडात आलं. त्यांना खडा वाटला. हातावर काढून पाहिलं तर खालच्या पटाशीचा अख्खा दात होता, मुळासकट. रक्त जवळजवळ नव्हतंच. दुखलंही नाही.

बाबांनी तो रुमालात बांधून घरी आणला. मी खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. वरचा भाग पांढरा, कुठेही कीड नाही. मुळाभोवती मात्र हिरवट-काळपट, खरखरीत थर चढलेला. अंघोळीच्या बंबात आतून क्षार साचतो ना, अगदी तसा. पुढच्या वर्षभरात त्यांचे आणखी चार दात गेले, आणि त्यातलाही एक कधी दुखला नाही.

मी दातांची डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पण त्यानंतर बाबांना, माझ्या दोन मुलांना आणि एका मामेभावाला घेऊन इतक्या वेळा दातांच्या दवाखान्यांत बसले, डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की जे समजलं ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. आपल्याकडे दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे रात्रभर गाल धरून बसल्यानंतर, अशीच पद्धत आहे. ती बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दुखणं इतक्या उशिरा का येतं

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे तिथे काहीही बिघडलं तरी मेंदूला कळवणारं कोणी नसतं.

आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू त्याचं आम्ल करतात. त्या थरातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ हळूहळू ही झीज भरून काढते. रोज, प्रत्येक खाण्यानंतर हे चालू असतं. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं की लाळेला भरपाईची उसंत मिळत नाही, आणि कीड सुरू होते. तिची पहिली खूण म्हणजे खडूसारखा निस्तेज पांढरा डाग. दात हवेने वाळवल्याशिवाय तो बहुतेक वेळा दिसतच नाही. या टप्प्यावर डॉक्टरांना तो सापडला तर फ्लोराइडचा लेप आणि नीट ब्रश करणं एवढ्यावर कीड थांबू शकते. दात कोरावा लागत नाही.

ही वेळ हुकली की कीड इनॅमल ओलांडून डेंटिनमध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या थरात, उतरते. डेंटिन तुलनेने मऊ, त्यामुळे तिथे ती आडवी पसरते. दाराच्या चौकटीला वाळवी लागते तसं: वरून रंग शाबूत, आत पोकळ. इथे कधीकधी थंड पाण्याची कळ येते आणि निघून जाते, आपणही विसरून जातो. कीड दाताच्या गाभ्यातल्या नसेपर्यंत पोचली की मग तो प्रसिद्ध ठणका सुरू होतो, तोही नेमका रात्री.

याच्या पुढची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कधीकधी तो ठणका चार-आठ दिवसांनी आपोआप थांबतो. घरचे म्हणतात, लवंगेच्या तेलाने गुण आला. खरं म्हणजे आतली नस मेलेली असते. संसर्ग मुळाच्या टोकाशी मुकाट वाढत राहतो, हिरडीवर एखादी पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. म्हणून दुखून थांबलेला दात हा न दुखलेल्या दातापेक्षा जास्त काळजीचा.

बाबांचं प्रकरण किडीचं नव्हतं, हिरड्यांचं होतं. दातांवरचा मऊ थर रोज नीट निघाला नाही तर काही दिवसांतच लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. त्यालाच किटण म्हणतात. एकदा कडक झालं की ते ब्रशने निघत नाही. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. इथवरचं नुकसान पूर्ण भरून येतं. दुर्लक्ष केलं तर हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते आणि खालचं हाड हळूहळू विरघळायला लागतं. हे हाड नंतर सहसा परत येत नाही. सगळं वर्षानुवर्षं, बहुतेक वेळा न दुखता चालतं. तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरडीतून तर रक्तही कमी येतं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे होती ती एक खूणसुद्धा झाकली जाते.

बाबांना मधुमेह आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार जोर धरतो आणि हिरड्यांतला संसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही, असं हे दोन्हीकडून चालतं. आमच्याकडे साखरेची गोळी दहा वर्षं चालू होती, पण दात एकदा दाखवून घ्यावेत हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तुमच्या घरी कोणी मधुमेही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी त्यांची तपासणी ठरवा.

पहिलं काम: घरी पाच मिनिटं

दवाखान्यात जाण्याआधी घरी स्वतःचं तोंड एकदा नीट पाहा. सकाळच्या उजेडात आरसा घ्या, मोबाइलचा टॉर्च लावा, हात स्वच्छ धुवा. कवळी असेल तर काढून ठेवा.

ओठ उलटे करून आतली बाजू पाहा. बोटाने गाल बाजूला ओढून दोन्हीकडे आतून पाहा. जीभ बाहेर काढून डावी-उजवी कड, मग टाळूला टेकवून जिभेखालचा भाग पाहा. आपल्याकडचे तोंडाचे कर्करोग बऱ्याचदा गालाच्या आत, हिरडीवर आणि जिभेच्या कडेला सुरू होतात, आणि सुरुवातीला तेही दुखत नाहीत. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, कडक लागणारी गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण यांपैकी काहीही दिसलं तर तारीख ठरवत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

मग हिरड्या. निरोगी हिरडी गुलाबी आणि दाताला घट्ट चिकटलेली असते. काहींची जन्मतःच थोडी सावळी असते, त्यात काही वावगं नाही. ब्रशवर रक्त, सुजून गोल झालेली कड, पूर्वीपेक्षा लांब दिसणारे दात, समोरच्या दातांत नव्याने पडलेली फट, सततचा वास या सगळ्या तक्रारी न दुखणाऱ्या आहेत आणि सगळ्या दाखवण्यासारख्या आहेत.

शेवटी तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक अशी उभी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. बहुतेक मोठ्या माणसांची तीनही सहज मावतात. मावत नसतील तर खर्ऱ्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूबद्दल, खाली लिहिलंय ते आवर्जून वाचा.

घरच्या पाहणीने दवाखान्याची तपासणी मात्र टळत नाही. दोन दाढांच्या मधली कीड, हिरडीखालचं किटण, हाडाची झीज हे आरशात दिसत नाही. बाबा रोज दाढी करताना आरशात दात पाहत होतेच की.

कुठे जायचं

नागपूरच्या लोकांना या बाबतीत तक्रारीला जागा नाही. मेडिकल चौकात, मेडिकलच्याच (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. १९६८ पासून विदर्भातले आणि शेजारच्या मध्य प्रदेशातलेही रुग्ण तिथे येतात. हिंगणा रोडवर डिगडोहला आणि वानाडोंगरीला अशी दोन खासगी दंत महाविद्यालयं आहेत. मेट्रोची ॲक्वा लाइन त्याच रस्त्याने लोकमान्य नगरपर्यंत जाते, तिथून पुढे ऑटो मिळतो.

महाविद्यालयात खर्च बराच कमी येतो, वेळ मात्र जास्त लागतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि अर्धा दिवस त्यासाठीच ठेवा. आधी एका विभागात तपासतात, मग हिरड्यांच्या, मुलांच्या किंवा रूट कॅनालच्या विभागात पाठवतात. काम शिकाऊ डॉक्टर करतात, वर शिक्षक असतात. लोक याला उगाच घाबरतात. बाबांची सगळ्यात कसून तपासणी अशाच एका शिकणाऱ्या मुलीने केली. तिला पुढे सरांना प्रत्येक दाताचा हिशोब द्यायचा होता, म्हणून तिने एकही दात सोडला नाही.

मोहल्ल्यातला दवाखाना निवडणार असाल तर दोन गोष्टी बघा. डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडची नोंदणी, जी सहसा भिंतीवर लावलेली असते. आणि अवजारं. ती वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करून बंद पाकिटात ठेवतात आणि तुमच्यासमोर पाकीट फोडतात. तसं दिसलं नाही तर विचारा, चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. रस्त्याकडेला बसून दात बसवून देणाऱ्यांकडे जाऊ नका. ते शेजारच्या चांगल्या दातांना नकली दात चिकटवून देतात, आणि त्याखाली घाण साचून ते चांगले दातही जातात.

जाण्याआधीची तयारी

जेवून किंवा नाश्ता करून जा, मधुमेह्यांनी तर नक्कीच. सगळ्या औषधांची यादी करा, नाहीतर पाकिटं पिशवीत टाकून न्या. रक्त पातळ करणारी गोळी, हाडं ठिसूळ झाली म्हणून दिलेलं औषध, हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया, कुठल्या औषधाची ॲलर्जी हे सांगणं फार गरजेचं आहे. रक्त पातळ करण्याची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करून जाऊ नका. साध्या तपासणीसाठी ती थांबवावी लागत नाही, आणि मोठ्या कामासाठी काय करायचं ते दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतात. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा.

गर्भवतींनी जाऊ नये हा समज चुकीचा आहे. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, त्यामुळे उलट दाखवलंच पाहिजे. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा.

आणि खर्रा, तंबाखू, गुडाखू (दातांना घासायची तंबाखूची पेस्ट), विडी यांतलं जे काही असेल ते खरं सांगा. डॉक्टरांना गाल पाहून तसंही कळतं. सासूबाई सोबत असतील म्हणून सुनेने गुडाखू लपवायची किंवा वडील सोबत आहेत म्हणून मुलाने खर्रा लपवायचा, असं मी दवाखान्यात बसून पाहिलंय. सोबत येणाऱ्याने अशा वेळी पाच मिनिटं बाहेर जाऊन बसावं.

खुर्चीवर बसल्यावर

साधी तपासणी वीस-पंचवीस मिनिटांत होते आणि दुखत नाही. आधी मान आणि जबड्याखाली बोटांनी दाबून गाठी आहेत का ते पाहतात. तोंड उघडताना-मिटताना जबड्याच्या सांध्यात आवाज येतो का ते ऐकतात. मग गाल, जीभ, टाळू. त्यानंतर छोट्या आरशाने आणि हवेच्या फवाऱ्याने एकेक दात वाळवून पाहतात. जुनं भरलेलं सिमेंट किंवा चांदी कडेने उचलली आहे का, कॅपखाली काही चाललंय का, हेही याच वेळी.

मग येते हिरड्यांची मोजणी, आणि ती होते की नाही याकडे तुम्ही लक्ष द्यावं अशी माझी खास विनंती आहे. खुणा केलेली एक बारीक, बोथट सळी हिरडी आणि दाताच्या मध्ये हलकेच उतरवून खोबण किती मिलिमीटर आहे ते बघतात. प्रत्येक दाताला बाहेरून तीन आणि आतून तीन ठिकाणी. बाबांच्या वेळी ती मुलगी आकडे बोलत होती आणि तिची सोबतीण कागदावर लिहीत होती: "तीन, दोन, तीन. चार, तीन, पाच. सहा, पाच, सात." एक ते तीन ठीक, चारपासून पुढे काळजी, एवढं तिने सुरुवातीला आम्हाला सांगितलं होतं. खालच्या पुढच्या दातांशी आली आणि "सात, सहा, आठ" असं म्हणाली तेव्हा बाबांनी खुर्चीच्या हातावर ठेवलेला हात उचलून माझा हात धरला. दुखत नव्हतंच त्यांना. आकडा कळला होता.

एक्सरे प्रत्येक वेळी लागत नाही. दाढांच्या मधली कीड किंवा हाडाची पातळी पाहायची असेल तर छोटा एक्सरे काढतात, सगळा जबडा पाहायचा असेल तर मोठा. छोट्या एक्सरेतला किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो. तरी गरोदर असाल तर आधी सांगा, आणि कशासाठी काढताय हे कुणीही विचारायला हरकत नाही.

डॉक्टर कामांची यादी देतात तेव्हा

इथेच लोक गोंधळतात. दुखत काहीच नव्हतं, आणि हातात पाच कामांचा कागद. फसवतायत की काय असं वाटतं. कधीकधी कामं खरंच वाढवून सांगितलेली असतात, बरेचदा नसतात. शांतपणे चार गोष्टी विचारा. ही कीड मला आरशात, फोटोत किंवा एक्सरेत दाखवाल का? यातलं काय लगेच करायला हवं, काय दोन-तीन महिने थांबू शकतं आणि कशावर फक्त नजर ठेवायची? हे केलं नाही तर वर्षभरात काय होईल? दुसरा काही मार्ग आहे का? उत्तरं पटली नाहीत तर कागद आणि एक्सरे घेऊन दुसरीकडे दाखवा. महाविद्यालय त्यासाठी उत्तम जागा. पांढऱ्या डागासारख्या सुरुवातीच्या किडीला कोणी लगेच कोरायला निघालं तर दुसरं मत जरूर घ्या.

पण खरोखर खड्डा पडला असेल तर "दुखेल तेव्हा बघू" म्हणून घरी येऊ नका. लहान खड्डा एका बैठकीत भरून निघतो. तोच नसेपर्यंत गेला की रूट कॅनालच्या दोन-तीन फेऱ्या, वर कॅप. त्याहून पुढे गेला की दात काढायचा, मग जागा भरायचा खर्च वेगळा. बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडला तर दातांचा खर्च धरलेला नसतो, म्हणजे प्रत्येक पायरीचा पैसा आपल्याच खिशातला.

सफाईने दात सैल होतात का

हा प्रश्न मला शाळेतल्या प्रत्येक सहकाऱ्याने विचारलाय. किटण काढणारं यंत्र कंपनांनी आणि पाण्याने ते कवच उडवतं, दात घासून पातळ करत नाही. हाड झिजून आधीच हलणारे दात कधीकधी किटणाच्या गठ्ठ्याने एकमेकांना बांधलेले असतात. तो गठ्ठा निघाला की ते हलताना जाणवतात, आणि दोष सफाईला लागतो. किटण निघाल्यावर दातांत फटी दिसतात, त्या तिथे आधीपासून असतात, फक्त भरून गेलेल्या. चार-सहा दिवस थंड लागतं, किंचित रक्त येतं, मग थांबतं. त्या दिवसांत मऊ ब्रश वापरा आणि बर्फाचं पाणी टाळा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना हे अवघड जातं, म्हणून सफाई हिवाळ्यात उरकलेली बरी.

खर्रा

हे लिहिताना मन जड होतं. माझा मामेभाऊ सव्वीस वर्षांचा. एकदा जेवताना म्हणाला, "ताई, आजकाल साधी भाजीही भल्ली झोंबते." हाच मुलगा पूर्वी घाम पुसत सावजी मटण खायचा. मी त्याला तीन बोटांची चाचणी करायला सांगितलं. दोनच मावली, तीही ओढून.

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्याकडे प्रत्येक पान ठेल्यावर आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा हातोहात चालूच राहिला. लोकांना वाटतं, त्रास तंबाखूचा, सुपारी निर्धोक. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीने गालाच्या आतली त्वचा जाड, फिकट, ताठ होत जाते, आत दोरीसारखे पट्टे बोटाला लागतात. पहिलं लक्षण तिखट झोंबणं, मग तोंड कमी उघडणं. दात तर अजिबात दुखत नाहीत, त्यामुळे मुलं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आकसलेलं तोंड पूर्वीसारखं पूर्ण उघडेलच असं नाही, आणि त्या त्वचेत कर्करोग होण्याचा धोका वाढलेला राहतो. पण लवकर सापडलं आणि खर्रा सुटला तर पुढची आकसणी थांबवता येते.

भावाला डॉक्टरांनी खर्रा बंद करायला लावला, औषधं दिली आणि एक व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर काही दिवसांनी मध्ये एक वाढवायची. तो सुरुवातीला बारा काड्यांवर होता. मामी टेबलावर वाटीत काड्या मोजून ठेवायची. आता तो एकोणीसवर आहे आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवून येतो.

घरात कोणी खर्रा खात असेल तर त्याला दातांच्या निमित्ताने न्या. "कर्करोग तपासू" म्हटलं की कोणी येत नाही, "दात साफ करून घेऊ" म्हटलं की येतात. संशयास्पद चट्टा सापडला तर पुढच्या तपासण्यांसाठी नागपुरातच राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. सोडायला मदत हवी असेल तर तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे.

मुलांचं

पहिला दात आल्यावर सहा महिन्यांत, किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला एकदा दाखवावं. दुधाचे दात पडणारच म्हणून सोडून देऊ नका. ते खाली येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात, आणि त्यातल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवणं बंद करा.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून बहुतेक आई-बाप तिला दुधाची समजतात. ती कायमची आहे. तिच्या खोल खाचांत संत्रा बर्फी, चॉकलेट, बिस्किट अडकतं आणि मूल आठ वर्षांचं होईपर्यंत ती बरेचदा किडलेली असते. ती वर आली की खाचा बुजवणारा पातळ लेप भरून घेता येतो. सुई नाही, कोरणं नाही. माझ्या मुलीला उशीर झाला, तिच्या एका दाढेत सिमेंट भरावं लागलं. मुलाला वेळेवर नेलं, त्याच्या चारही दाढा शाबूत आहेत.

फ्लोराइड असलेली टूथपेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहामध्ये वाटाण्याएवढी. ब्रश मोठ्यांनी धरायचा, सात-आठ वर्षांचं होईपर्यंत तरी. नागपूर शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. पण यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्याच्याही काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. गावाकडच्या मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसत असतील तर ते घासून जाणार नाहीत. डॉक्टरांना दाखवा आणि बोअरचं पाणी तपासून घ्या.

पुन्हा कधी

सगळ्यांनी सहा महिन्यांनीच जावं असा काही अटळ नियम नाही. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने तर मोठ्यांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंतर ठेवायला सांगितलंय, ज्याच्या त्याच्या धोक्याप्रमाणे. अठराखालच्यांसाठी मात्र वर्षाच्या आत. आम्ही डॉक्टरांना विचारून घरात असं लावून घेतलंय: बाबा तीन महिन्यांनी, मुलं सहा महिन्यांनी, मी आणि नवरा वर्षातून एकदा. मधल्या काळात दोन वेळा मऊ ब्रश, त्यातला एक झोपण्यापूर्वी, आणि दातांच्या फटींसाठी धागा किंवा बारीक ब्रश. संत्री खाल्ल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, आम्लाने इनॅमल मऊ झालेलं असतं. चूळ भरून अर्धा तास थांबायचं. कडूनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्यांनी निदान रात्री ब्रश करावा, काडी दाढांच्या मागे आणि आतल्या बाजूला पोचत नाही.

तारखा विसरू नयेत म्हणून मुलांच्या फेऱ्या आम्ही सणांना बांधल्या आहेत. एक संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, तिळगुळाच्या चिक्क्या संपल्या की. दुसरी तान्ह्या पोळ्यानंतर. एका वहीत प्रत्येकाचं एक पान आहे. त्यावर तारीख, काय सापडलं, काय केलं आणि पुढची तारीख एवढं लिहायचं, एक्सरेचं पाकीट त्याच पानाला टाचायचं. बाबांच्या पानावर हिरड्यांचे आकडेही असतात, ते स्वतःच्या हाताने लिहितात. मागच्या खेपेला खालच्या डाव्या दाढेचे "चार, तीन, चार" लिहिले, त्याच्यावरच्या ओळीत जुने "सहा, पाच, सात" आहेत.